कुणाला विचारून लिहिलंत?

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकले की तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे, त्याचा कडू थेंब जिभेला लावायचा आणि मगच फराळाला बसायचे, हा आपला जुना रिवाज. ह्या अंकाच्या संपादकांनी नेहमीप्रमाणे माझ्याकडे कथा मागितली होती. मी उलट कळवले, की यंदा माझ्या डब्यात चकली नाही, कारीट आहे. चालत असेल तर पाठवतो. ते चालेल म्हणाले. तेव्हा वाचकहो, हा थेंब आधी घ्या. पुढच्या पानांवर गोडधोड पुष्कळ आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी शिरूरला असतो. जुनी माणसे अजून घोडनदीच म्हणतात. शाळा सुटून घरी आलो, तो ओट्यावर एक अनोळखी गृहस्थ बसलेले. साठी उलटलेली, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, मांडीवर कापडी पिशवी. दौंडहून एस. टी.ने आले होते; रेल्वेतून निवृत्त झालेले. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी पिशवीतून माझीच एक कादंबरी बाहेर काढली, वर्तमानपत्राचे कव्हर घातलेली. कादंबरीकाराचा जीव तो केवढा! मी लगोलग खिशातले पेन काढले. ते म्हणाले, "सही नको गुरुजी. एक विचारायचं होतं."

त्या कादंबरीचा नायक धाकटा भाऊ भीमेच्या पुरात वाहून गेल्यावर भ्रमिष्ट होतो. त्याला नसलेले आवाज ऐकू येतात. पुण्याला त्याच्यावर उपचार चालतात. पण शेवटच्या प्रकरणात तो गोळ्यांची पुडी नदीत भिरकावून देतो, पहाटे जात्यावर बसलेल्या आईची ओवी त्याच्या कानी पडते आणि तो खाडकन भानावर येतो. हे प्रकरण फार हृद्य झाले आहे, असे एका परीक्षणात छापूनही आले होते.

"माझ्या पोरालाबी असेच आवाज ऐकू येतात," ते गृहस्थ सांगू लागले. "तीन वर्षं गोळ्या चालू होत्या. चांगला होता. मामाच्या दुकानात बसायचा, हिशोब लिहायचा. तुमचं पुस्तक त्यानं दोनदा वाचलं. मग गोळ्या बंद केल्या. आम्हाला पत्ताच नाही. दीड महिन्यानं घरातनं निघून गेला. मनमाडच्या गाडीत सापडला, चार दिवसांचा उपाशी. आता पुन्हा दवाखान्यात आहे." त्यांनी आवाज चढवला नाही. पुस्तक मिटून माझ्यापुढे ठेवले. "भांडायला नाही आलो गुरुजी. एवढंच विचारायचं होतं, हे असं होतं का खरंच? आणि हे तुम्ही कुणाला विचारून लिहिलंत?"

खरे उत्तर एकच होते : कुणालाही नाही. मी सिनेमे पाहिले होते. त्यांत नायकाच्या डोक्याला मार लागतो आणि स्मृती जाते, दुसरा मार लागतो आणि स्मृती परत येते. त्याच मालावर मी माझी ओवी शिवली होती. जातेही माझ्याच कल्पनेतले. आमच्याकडे ते कधीच गिरणीने बंद पाडले.

म्हणून आज दुसऱ्यांवर शब्द टाकण्यापूर्वी माझी स्वतःची चिठ्ठी वाचकांपुढे चिकटवतो. मी डॉक्टर नाही. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. पोटासाठी मुलांना शिकवतो आणि हौसेसाठी कादंबऱ्या लिहितो. ह्या लेखासाठी कोणत्याही कंपनीचा, दवाखान्याचा वा बुवाचा पैसा मी घेतलेला नाही. हा लेख वाचून कोणी एखादी गोळी सुरू करू नये, आणि बंद तर मुळीच करू नये. आता बोलायला मोकळा झालो.

गोळ्यांची कोणतीही पट्टी उलटी करून पाहा. औषधाचे नाव, प्रमाण, बनवणारी कंपनी, घाण्याचा क्रमांक, कधी बनवले, कधीपर्यंत चालेल, किंमत किती, सारे बारीक अक्षरांत छापलेले. उद्या काही विपरीत घडले तर कोणाच्या दाराशी जायचे ते त्यावरून कळते. त्याच गोळीविषयी मोबाईलवर जो दोन मिनिटांचा व्हिडिओ फिरतो त्यावर काय छापलेले असते? बोलणारा कोण, शिकला काय, हे कोठून कळले, केव्हा सांगितले, ह्यात त्याचा नफा किती, ह्यांतले एकही अक्षर नाही. गोळीला चिठ्ठी आणि गोळी सोडायला सांगणाऱ्या जिभेला चिठ्ठी नाही, हा कोठला न्याय?

ह्या बाजारात काय विकले जात नाही? एक सांगतो, मनाच्या सगळ्या गोळ्या म्हणजे आयुष्यभराचे व्यसन. दुसरा सांगतो, एकवीस दिवस अमुक काढा घ्या, नैराश्य मुळासकट जाईल. आणि व्हिडिओच्या शेवटी काढ्याची बाटली व पैसे भरण्याची सोय. तिसरा सात लक्षणे मोजून दाखवतो. आमच्या नववीतला एक मुलगा ती सात लक्षणे स्वतःत शोधून आला आणि मला एका आजाराचे इंग्रजी नाव सांगू लागला. पोराची सहामाही परीक्षा तोंडावर आली होती, दुसरे काही नव्हते. त्याच वर्गातली एक मुलगी मात्र तीन महिने कोणाशी बोलत नव्हती, डबा तसाच परत नेत होती. तिच्या घरच्या मोबाईलवर 'नेहमी आनंदी राहा, विचार बदला' असा सुविचार येत होता आणि घरचे तो तिला वाचून दाखवीत होते. धडधाकटाला आजार चिकटवायचा आणि आजाऱ्याला सुविचार, असा हा उफराटा कारभार आहे.

मोबाईलला एकट्याला दोष देण्यात मात्र अर्थ नाही. मोबाईल नव्हता तेव्हा एस. टी. स्थानकांच्या भिंती होत्या, अमावास्येचे देवऋषी होते, आणि सर्वांहून जालीम अशी आपली नातेवाईक मंडळी होती व आहेत. 'लग्न करून द्या, आपोआप ताळ्यावर येईल,' हा सल्ला आपल्या पंचक्रोशीत किती जणांनी किती जणांना दिला असेल? त्या सल्ल्याने एका घराचा प्रश्न दोन घरांत पोहोचतो, आणि ज्या मुलीला काहीही न सांगता बोहल्यावर उभे केले जाते तिचे जन्माचे नुकसान होते. सल्ला देणारे काका मात्र पंगतीत श्रीखंड मागून घेऊन निघून गेलेले असतात. त्यांना नंतर कोणी विचारले आहे काय, की काका, हे तुम्ही कुणाला विचारून सांगितलंत?

आणि कारणे जुळवण्याची आपली घाई! २०२३ च्या जानेवारीत आमच्या शेजारच्या दौंड तालुक्यात पारगावजवळ भीमेच्या पात्रात एकाच कुटुंबातील सात जणांचे मृतदेह सापडले. पहिल्या काही दिवसांतच सामूहिक आत्महत्येचा संशय सर्वतोमुखी झाला, आणि त्याला कारणही तयार होते : मुलाने मुलगी पळवून नेली, म्हणून अब्रूपायी आईबापांनी सर्वांसह जीव दिला. पारावर, एस. टी.त, मोबाईलवर हेच. मग तपास पुढे गेला आणि पोलिसांनी नात्यातल्याच माणसांना खुनाच्या आरोपाखाली अटक केली. आत्महत्येचे कारण घरोघर पोहोचले होते. ज्या आत्महत्येचे ते कारण होते ती आत्महत्याच नव्हती, असे पोलीस सांगू लागले. जेथे खरोखरच कोणी जीव दिलेला असतो, तेथेही आपण अशाच एका वाक्यात कारण सांगून मोकळे होतो : नापास झाला म्हणून, सासूने बोलली म्हणून. मनाचा आजार, कर्ज, एकटेपणा, दारू ह्यांचा वर्षानुवर्षांचा गुंता एका 'म्हणून'मध्ये मावत नाही. शिवाय ते वाक्य ऐकणाऱ्यांत तोच गुंता घेऊन बसलेला दुसरा कोणी असतो, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

कोणी म्हणेल, सरकार काय झोपले आहे? नाही. कागदावर तरी नाही. औषधे व जादूटोण्याचे उपाय ह्यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ सालचा आहे. ज्या आजारांवर औषधाची जाहिरातच करता येत नाही त्यांची यादी त्याला जोडलेली आहे आणि तीत वेड, फेफरे, हिस्टेरिया, मेंदूचे विकार ही नावे आहेत. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने आणखी सूचना काढल्या : आरोग्याविषयी बोलणारा डॉक्टर असेल तर त्याने तसे सांगावे, नसेल तर आपले बोलणे म्हणजे वैद्यकीय सल्ला नव्हे हे स्पष्ट करावे. म्हणजे शब्द विषारी असू शकतो हे सरकारला सत्तर वर्षांपासून ठाऊक आहे. पण कायदा दुकानात शिरतो, माजघरात शिरत नाही. माजघरात प्रश्न विचारण्याची सवयच शिरली पाहिजे.

आता माझ्यावर उलटा वार होईल तो मला दिसतो आहे. 'गुरुजी, म्हणजे आपले जुने ते सारे खोटे आणि इंग्रजी ते खरे, असेच ना?' मुळीच नाही. सर्पगंधेची हकीकत ऐका. ह्या झुडपाची मुळी वेडावर द्यावी, हे आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. १९३१ साली कलकत्त्याच्या सेन आणि बोस ह्या दोघांनी ती रोग्यांना देऊन पाहिली आणि वेडावर व रक्तदाबावर तिचा गुण येतो, असे आपल्या नावानिशी छापले. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवरचा आपला अनुभव इंग्लंडमधल्या हृदयरोगाच्या मासिकात प्रसिद्ध केला आणि ही मुळी जगभर गेली. १९५२ साली तिच्यातले मुख्य द्रव्य वेगळे काढले गेले. १९५४ साली न्यूयॉर्कचे डॉ. नेथन क्लाईन वेडाच्या रोग्यांवर त्याचा उपयोग करून त्याचे निष्कर्ष छापत होते. पुढे काही रोग्यांना त्या द्रव्याने खिन्नता येते असे अहवाल आले, तेही छापले गेले. त्या अहवालांत कितपत तथ्य, ह्याचीही तपासणी झाली. अधिक बरी औषधे निघाली तशी ती मागे पडली.

पाहिलेत? मुळी आपलीच, ज्ञान आपलेच. पण सांगणाऱ्यांनी नाव घातले, मोजमाप दिले, आणि दोष आढळले तेव्हा दोषही सांगितले. काढ्याच्या बाटलीवाल्याने आजवर आपल्या काढ्याचा एक तरी दोष सांगितला आहे काय? ज्याला अवगुणच नाही असे औषध आणि ज्याला शंकाच नाही असा वैद्य, ह्या दोघांपासून घर जपावे.

खरी माहिती तुकड्यातुकड्यांनी बोलते, हीच तिची अडचण आहे. सगळ्या गोळ्यांचे व्यसन लागते हे खोटे; कोणत्याच गोळीचे लागत नाही हेही खोटे. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची सवय लागते, म्हणून त्या डॉक्टर बेताने व मोजक्या दिवसांसाठी देतात. नैराश्यावरच्या वा भ्रमावरच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. पण त्याही एकाएकी सोडल्या तर त्रास होऊ शकतो आणि आजार उलटू शकतो. नैराश्यावरच्या गोळीचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, आणि तोंडाला कोरड, मळमळ, सुस्ती असले उपद्रव मात्र पहिल्या दिवसांतच दिसतात. हे आधी सांगितले नाही, तर रोगी दहाव्या दिवशी म्हणणारच, की गुण नाही, अपायच आहे. आणि त्याच रात्री त्याच्या हाती मोबाईल असतो.

येथेच मला डॉक्टरमंडळींशीही भांडायचे आहे. त्या दौंडच्या गृहस्थांना मी विचारले, की तीन वर्षांत मुलाच्या आजाराचे नाव तुम्हांला कोणी सांगितले होते काय? ते म्हणाले, "चिठ्ठी मिळायची. विचारलं तर, तुम्हाला कळणार नाही, गोळ्या चालू ठेवा, म्हणायचे." जेथे जाणता मुका राहतो तेथे अजाणता बोलका होतो. माझी कादंबरी त्या घरात शिरली ती ह्याच मोकळ्या दारातून. २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा तर सांगतो, की आजार कोणता, उपचार कोणते आणि त्यांचे ठाऊक असलेले दुष्परिणाम कोणते, हे जाणण्याचा रोग्याला हक्क आहे. आणि तेही त्याला समजेल अशा भाषेत. समजेल अशा भाषेत म्हणजे आमच्या भीमाकाठी मराठीत, हे निराळे सांगायला हवे काय? दवाखान्यात रांग मोठी असते, एकेका डॉक्टरला शंभर तोंडे, हे मला कळते. २०१५-१६ साली बारा राज्यांत जी मोठी पाहणी झाली, तीत आजारागणिक ७० ते ९२ टक्के रोग्यांपर्यंत उपचारच पोहोचलेले नाहीत असे आढळले. पण जो पोहोचला त्याला तरी चार वाक्ये सांगा! पाचव्या वाक्यापासून तो स्वतः विचारील.

आपल्या नावानिशी खरे सांगणाऱ्यांची महाराष्ट्रात वाण नाही, आणि त्यांनी त्याची किंमतही मोजली आहे. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवले, लोक ज्यावर कुजबुजतात त्यावर सहीनिशी लिहिले आणि कोर्टात दंड भरला. डॉ. नरेंद्र दाभोलकर उभा जन्म सांगत राहिले, की अंगात येते ते भूत नव्हे, माणसाला डॉक्टरकडे न्या. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर त्याच वर्षी झाला. कॅनडात संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी मनोविकारतज्ज्ञ नव्हते, पण हा आजार जवळून पाहिलेले होते. त्यांनी १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनियाविषयी खरी माहिती देणारी संस्था काढली. २००४ साली 'देवराई' हा चित्रपट आला, त्यात हा आजार जसा असतो तसा दाखवलेला आहे. कोठलीही ओवी ऐकून नायक बरा होत नाही. तो पाहताना मला माझ्या शेवटच्या प्रकरणाची लाज वाटली. कथा रंगवण्यासाठी खोटे लागतेच, हा आम्हां लेखकांचा बहाणाही त्या चित्रपटाने निकालात काढला.

मग घरातल्या माणसाने करायचे काय? मी आमच्या वर्गाच्या फळ्यावर पाच प्रश्न लिहून ठेवले आहेत. सांगणारा कोण? त्याला हे कोठून कळले? केव्हा सांगितले? ह्यात त्याला काय मिळते? आणि, त्याला काय ठाऊक नाही हे त्याने सांगितले काय? पाचवा प्रश्न मुलांना सर्वांत आवडतो, कारण तो गुरुजींनाही विचारता येतो. पाचही प्रश्नांना उत्तर मिळेपर्यंत तो निरोप पुढे धाडायचा नाही. धाडला नाही म्हणून कोणाचे नुकसान होत नाही. ज्याला खरोखर बोलायचे आहे, पण कोणाशी ते कळत नाही, त्याच्यासाठी सरकारने २०२२ पासून 'टेली-मानस' सुरू केले आहे. १४४१६ हा क्रमांक, दिवसरात्र चालू, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. फराळाच्या डब्यावर चिकटवून ठेवा. हात रोज जातो तेथे डोळाही जाईल.

राहता राहिली माझी कादंबरी. दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी शेवटचे प्रकरण नव्याने लिहिले. ह्या वेळी दोन डॉक्टरांना विचारले आणि आवाज ऐकू येणाऱ्या तिघांना विचारले. तिघांनी मिळून माझी जितकी वाक्ये खोडली तितकी आजवर एकाही संपादकाने खोडली नव्हती. पहिल्या पानावर, मागच्या आवृत्तीत काय चुकले होते ते लिहून खाली सही केली. प्रकाशक कुरकुरले, 'वाचकाचा रसभंग होतो,' म्हणाले. होऊ दे. एका मुलाचा आयुष्यभंग होता होता राहिला, त्यापुढे रसभंग कोण विचारतो?

एक प्रत दौंडला पाठवली. महिन्याने पोस्टकार्ड आले. मुलगा घरी आला आहे, गोळ्या घेतो, सकाळी दुकानात बसतो, दुपारी झोपतो. खाली एक ओळ होती : 'तुमचे नवीन पुस्तक त्यास दिले, पण तो वाचत नाही. म्हणतो, आधी डॉक्टरांना विचारतो.'

माझ्या एकाही पुस्तकाला ह्याहून चांगला अभिप्राय आलेला नाही.